शाह बुलबुलाचं कूळ

कार्ल लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत एका हिंदुस्थानी पक्ष्याची नोंद केली आणि त्याला नाव दिलं कॉर्व्हस पॅराडिसी. कॉर्व्हस म्हणजे कावळा. काळं चकचकीत डोकं, माथ्यावर तुरा, दुधासारखं पांढरं अंग आणि शेपटीतून खाली लोंबणाऱ्या दोन लांबलचक फिती, असं रूप असलेला हा पक्षी. महाराष्ट्रात त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात, हिंदी मुलखात दूधराज किंवा शाह बुलबुल. मध्य प्रदेशाने त्याला राज्यपक्षी केलं आहे. अशा देखण्या जिवाला कावळ्यांच्या पंगतीत बसवणं पुढच्या पिढ्यांना पटलं नाही. त्यांनी त्याला तिथून उठवलं आणि माशीमारांच्या घरात नेऊन ठेवलं. तिथे तो दीडशे-दोनशे वर्षं सुखाने नांदला. मग प्रयोगशाळेत त्याचा डीएनए तपासला गेला आणि निकाल लागला की याचे रक्ताचे नातलग कावळ्यांच्याच बाजूला आहेत.

हा सगळा खटला समजून घ्यायला लखनौइतकं सोयीचं शहर नाही. गोमतीच्या काठाने आणि तिला मिळणाऱ्या कुकरैल नाल्याच्या बाजूने चाललं, की ‘माशीमार’ या एका नावाखाली मोडणारे किंवा मोडत नसूनही तसे भासणारे पक्षी वर्षभर भेटत राहतात. काही उन्हाळ्यात येतात, काही थंडीत, काही बारमाही. त्यांना ओळखणं ही एक विद्या आहे आणि त्यांचं कूळ लावणं ही दुसरी. या दोन विद्यांची गल्लत झाली की काय घोटाळे होतात, याचा इतिहास शाह बुलबुलाच्या नावावर जमा आहे.

गोमती हिमालयातली नदी नाही. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडाजवळच्या एका तळ्यातून ती निघते, भूजलावर आणि पावसावर पोसली जाते आणि 900 किलोमीटरांहून अधिक वाट चालून गंगेला मिळते. बर्फाचं पाणी नसल्यामुळे एरवी तिची चाल संथ असते. लखनौत तिच्या काठावर जुन्या बागा उरल्या आहेत. सिकंदरबागेच्या आवारातलं राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचं उद्यान नदीला लागूनच आहे. क्लॉद मार्तँने बांधलेल्या कॉन्स्टॅन्शिया वाड्यात भरणारं ला मार्टिनिअर कॉलेजही नदीच्या शेजारचं. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीनिमित्त 1921 साली बनारसीबागेत सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय शहराच्या मधोमध आहे. आणि शहराच्या ईशान्येला कुकरैलचं राखीव जंगल आहे. 1950 नंतरच्या दशकात लावलेली ही झाडी. लोक तिथे मगर-सुसरींचं प्रजनन केंद्र बघायला जातात. पक्षिनिरीक्षक मात्र त्याच झाडीतल्या नाल्याकाठच्या सावलीत मान वर करून उभे असतात.

शाह बुलबुलाला नेमकी हीच जागा आवडते. त्याला उघडं माळरान नको आणि अगदी उंच शेंडाही नको. मोठ्या झाडांखालची मधली पोकळी, तिथे घोटाळणारे किडे आणि जवळपास पाणी एवढं त्याला पुरतं. दुपारी उन्हं चढली की तो फांदीवरून थेट डबक्यात सूर मारतो, अंग भिजवतो आणि पुन्हा त्याच फांदीवर जाऊन बसतो. म्हणून त्याला शोधायचं तर झाडं धुंडाळण्यापेक्षा सावलीतलं पाणी शोधावं. आवाजही उपयोगी पडतो. एवढ्या राजस पक्ष्याचा आवाज गोड असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो ‘स्क्रीक’ असा कर्कश ओरडतो आणि पुष्कळदा हा ओरडाच त्याचा पत्ता सांगतो.

रंगांचं भांडण

ओळखीतला पहिला पेच रंगाचा. पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र असतो किंवा गडद तांबूस असतो. दोघांनाही लांब फिती असतात. मादी तांबूसच, पण शेपूट आखूड, गळा राखाडी आणि तुरा बेताचा. तरुण नरही तांबूस आणि आखूड शेपटीचा, त्यामुळे लांबून मादीसारखाच दिसतो. लांब फिती यायला त्याला दुसरं किंवा तिसरं वर्ष उजाडावं लागतं. शेपूट सोडली तर पक्षी बुलबुलाएवढाच, जेमतेम वीस सेंटिमीटरचा. फिती मात्र 30 सेंटिमीटरपर्यंत जातात, म्हणजे देहापेक्षा दीडपट.

जुन्या निसर्गअभ्यासकांनी पांढरा आणि तांबूस या दोन वेगळ्या जाती मानल्या होत्या. त्यांना दोष देता येणार नाही. हातात आलेली दोन कातडी जर इतकी निराळी असतील, तर माणूस दुसरं काय म्हणणार? पुढे एकाच घरट्यावर तांबूस मादी आणि पांढरा नर दिसू लागले, अर्धे तांबूस आणि अर्धे पांढरे असे मधले नमुनेही सापडले आणि दोन जातींचा वाद मागे पडला. पण एक प्रश्न उरलाच. पांढरा रंग म्हाताऱ्या नराचा, की काही नर जन्मभर तांबूसच राहतात?

1960 नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडन, शिकागो, न्यूयॉर्क, टोरंटो अशा ठिकाणच्या संग्रहालयांतली लांब शेपटीच्या नरांची 680 कातडी एकत्र तपासली गेली. तेव्हा दिसलं की दोन रंगांचं प्रमाण मुलखागणिक बदलतं. पश्चिमेकडे तांबूस नर जास्त आणि पूर्वेकडे जावं तसे पांढरे वाढत जातात. नुसत्या वयाचा हिशेब असता, तर सगळीकडे प्रमाण साधारण सारखं निघायला हवं होतं. अभ्यासकाने तीन शक्यता मांडल्या: एकाच जातीत दोन रंगांचे नर असतील, तांबूस नर हे अजून पुरते वयात न आलेले असतील, किंवा, अगदी टोकाची गोष्ट, फक्त नरांवरूनच वेगळ्या ओळखता येतील अशा दोन जाती एकत्र राहत असतील. संग्रहालयाच्या खणांत पडून असलेली कातडी एवढं काम करू शकतात.

2015 च्या सुमारास या पक्ष्याचं आणखी एक विभाजन झालं. तोवर मध्य आशियापासून कोरियापर्यंतचे सगळे ‘आशियाई स्वर्गीय नर्तक’ या एका जातीत गणले जात. आता भारतातला वेगळा, आग्नेय आशियातला ब्लिथच्या नावाने ओळखला जाणारा वेगळा आणि चीन, कोरिया व रशियाच्या अतिपूर्वेत वीण करणारा आमूर नर्तक वेगळा मानतात. लखनौचा पक्षी भारतीय जातीचा. शास्त्रीय नावातलं पॅराडिसी लिनीअसपासून तसंच राहिलं. त्याच्या पुढचं कॉर्व्हस मात्र गेलं आणि 1827 साली ग्लोगर या जर्मन अभ्यासकाने घडवलेलं टर्प्सिफोन हे प्रजातीचं नाव तिथे बसलं.

लखनौच्या याद्या

या शहराच्या पक्ष्यांची दफ्तरं जुनी आहेत. 1857 च्या धामधुमीत इंग्रज पलटणीबरोबर लखनौला आलेला लेनर्ड हॉवर्ड अर्बी हा अधिकारी पक्ष्यांचा नादी होता. त्याने अवध आणि कुमाऊँमधल्या पक्ष्यांवरची टिपणं 1861 साली ‘आयबिस’ या नियतकालिकात छापली. पुढे याच अर्बीने जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहून नाव मिळवलं. 1881 साली जॉर्ज रीडने लखनौ विभागातल्या पक्ष्यांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये दिली. हे नियतकालिक ए. ओ. ह्यूमने 1872 मध्ये सुरू केलं होतं. काँग्रेसच्या स्थापनेमुळे शाळेच्या पुस्तकात भेटणारे ते हेच ह्यूम. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत डब्ल्यू. जेसीचे लखनौच्या पक्ष्यांवरचे लेख पुन्हा ‘आयबिस’मध्ये आले.

या माणसांच्या हातात दुर्बिणीपेक्षा बंदूक जास्त असे आणि पक्षी ओळखणं म्हणजे बहुधा पक्षी मारून त्याचं कातडं मोजणं. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या याद्यांना किंमत आहे ती त्यांनी जागा, महिना आणि अंगाची मापं लिहून ठेवली म्हणून. नुसती नावं लिहिली असती, तर आज त्यांचा उपयोग झाला नसता. कारण त्यांनी लिहिलेल्या नावांपैकी कितीतरी नावं नंतर बदलली.

धंदा एक, घराणी अनेक

माशीमार म्हणजे फांदीवर ताठ बसून टेहळणी करणारा, उडता किडा दिसला की झेप घेऊन हवेतच टिपणारा आणि परत बैठकीवर येणारा पक्षी. या कामाला लागणारी हत्यारंही ठरलेली आहेत: बुडाशी रुंद आणि चपटी चोच, तोंडाच्या कडांना राठ केस, आखूड पाय. ही हत्यारं ज्याच्याकडे दिसली, त्याला युरोपीय अभ्यासकांनी माशीमारांच्या कुळात टाकलं. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांचा दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात निघाला. त्यातही शाह बुलबुल, शेपटीचा पंखा करून नाचणारी नाचण आणि करड्या डोक्याचा पिवळा माशीमार हे सगळे खऱ्या माशीमारांबरोबरच मस्किकॅपिडी या प्रचंड कुळात आहेत. सातभाई, वटवटे आणि कस्तुरही त्याच छपराखाली होते. घरात तो संच असलेल्या वाचकाने आजची यादी शेजारी ठेवली, तर निम्मी माणसं घर सोडून गेलेली आढळतील.

वर्गीकरणाची ही अडचण लखनौला नवी नाही. कैसरबागेत 1926 साली सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयाची उभारणी पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी केली आणि रागांची दहा थाटांत मांडणी करण्याचं त्यांचं काम तिथल्या शिक्षणाचा कणा झालं. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. तरी भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावल थाटात. भूप गांधाराभोवती फिरतो, देशकार धैवतावर उभा राहतो. चलन वेगळं, म्हणून घरही वेगळं. नुसते स्वर मोजून जो घर लावेल, तो फसेल. पक्ष्यांच्या बाबतीत चोच आणि केस मोजणाऱ्यांचं तेच झालं. किडा हवेत टिपायचा, तर चोच तशीच घडणार, मग पक्ष्याचा पूर्वज कुणीही असो. धंद्याने रूप घडवलं आणि पाहणाऱ्यांनी त्यालाच नातं समजलं.

याचा मोठा पुरावा समुद्रापलीकडे आहे. अमेरिका खंडातही चारशेहून अधिक जातींचे माशीमार आहेत. ॲमेझॉनच्या पुरात बुडणाऱ्या आणि पुन्हा वर येणाऱ्या नदीबेटांवरच्या झुडपांत राहणारे चिमुकले पक्षीही त्यांतलेच. बसणं तसंच, झेप तशीच. पण गाणाऱ्या पक्ष्यांच्या शाखेपासून त्यांची वाट फार पूर्वी फुटलेली. त्यांच्या कंठाची रचनाच वेगळी आहे. आपल्या माशीमारांशी त्यांचं नातं फक्त कामाचं.

काही खुणा खरं तर डोळ्यांसमोरच होत्या. खऱ्या माशीमारांच्या नुकत्या उडायला लागलेल्या पिलांच्या अंगावर फिकट ठिपके असतात. शाह बुलबुलाची पिलं बिनठिपक्यांची. अंगणात गाणाऱ्या दयाळाच्या पिलाच्या छातीवर मात्र ठिपके दिसतात. दयाळाला लोक पिढ्यान्‌पिढ्या कस्तुरांच्या गोतात धरत आले, पण आजच्या वर्गीकरणात तो अस्सल माशीमार आहे. थंडीत गोमतीच्या काठच्या गवतात उतरणारा निळ्या गळ्याचा शंकरही त्याच कुळातला.

निर्णायक काम केलं डीएनएने. चार्ल्स सिब्ली आणि जॉन आल्क्विस्ट या अमेरिकन जोडीने दोन पक्ष्यांच्या डीएनएचे धागे एकमेकांना जोडायचे आणि तापवत न्यायचे, अशी रीत वापरली. नातं जवळचं असेल तर धागे घट्ट बसतात आणि सुटायला जास्त उष्णता लागते. दूरचं असेल तर लवकर सुटतात. 1990 साली त्यांचा ग्रंथ आला, तेव्हा शाह बुलबुल आणि नाचण माशीमारांतून बाहेर पडून कोतवाल आणि कावळ्यांच्या गटात गेले होते. त्यांच्या मांडणीतलं पुष्कळ काही नंतर बदललं, पण हा भाग जनुकांचा थेट क्रम वाचणाऱ्या पुढच्या अभ्यासांतही टिकला. आता शाह बुलबुलाचं कूळ मोनार्किडी. हे कूळ कावळे, खाटीक, कोतवाल आणि नाचण यांच्या मोठ्या गोतात येतं.

मग लिनीअसला आधीच कळलं होतं का? मुळीच नाही. त्याच्या कॉर्व्हस या पोत्यात आपला नीलपंखही होता आणि नीलपंखाचा कावळ्याशी काही संबंध नाही. भृंगराज कोतवालाला तर त्याने 1766 मध्ये कोकिळांत घातलं होतं. शाह बुलबुलाच्या बाबतीत त्याचा नेम चुकून लागला. चुकीच्या कारणाने आलेल्या बरोबर उत्तराला शास्त्रात गुण मिळत नाहीत.

कोतवालाशी असलेलं नातं मात्र झाडावरही दिसतं. मे ते जुलै हा शाह बुलबुलाच्या विणीचा काळ. बारीक काड्या आणि कोळ्याचं जाळं वापरून खालच्या फांदीच्या टोकाला सुबक वाटी विणायची, त्यात तीन-चार अंडी घालायची आणि दोन आठवड्यांच्या आसपास उबवायची. या कामात नर-मादी दोघंही असतात. एवढ्या लांब फिती वाटीबाहेर सोडून पांढरा नर अंड्यांवर बसलेला पाहणं हे पक्षिनिरीक्षकांचं मोठं सुख. हे घरटं कधीकधी कोतवालाच्या घरट्याजवळ असतं. कोतवाल घारी-कावळ्यांना पिटाळून लावतो आणि त्याचा फायदा शेजाऱ्याला मिळतो. भावकी आहे म्हणून तो संरक्षण देतो असं नव्हे. तो सगळ्यांनाच पिटाळतो, आणि शाह बुलबुल जागा हुशारीने निवडतो इतकंच.

थंडीतली परीक्षा

शाह बुलबुलाचं कूळ अवघड असलं, तरी ओळख सोपी आहे. थंडीत लखनौला येणाऱ्या दोन छोट्या माशीमारांचं उलट आहे. त्यांचं कूळ निर्विवाद, ओळख मात्र भल्याभल्यांना घाम फोडते. चिमणीहून लहान, वरून करडे-तपकिरी, काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा रंग आणि शेपूट सारखी वर उडवायची सवय. एक लाल छातीचा माशीमार, दुसरा तैगा माशीमार. पहिल्याचं वर्णन बेखश्टाइनने 1792 मध्ये केलं, दुसऱ्याचं पालासने 1811 मध्ये. तरी जवळजवळ अख्खं विसावं शतक दुसऱ्याला पहिल्याची उपजात मानलं गेलं. वेगळ्या जातीचा दर्जा त्याला या शतकाच्या सुरुवातीला परत मिळाला. त्यामुळे जुन्या यादीत ‘लाल छातीचा’ एवढंच लिहिलं असेल, तर नेमका कोणता ते नावावरून ठरत नाही.

इथे गळ्याच्या रंगावर विसंबू नये. माद्यांना आणि कोवळ्या पक्ष्यांना तो नसतोच. पाहावं ते शेपटीच्या बुडावरच्या पिसांकडे. तैगाची ती पिसं शेपटीहूनही काळीभोर; लाल छातीच्याची शेपटीइतकीच किंवा जरा फिकी. मग खालची चोच. तैगाची काळी, लाल छातीच्याची बुडाशी फिकट. लाल छातीचा प्रौढ नर थंडीतही गळ्याची नारिंगी ठेवतो. तैगाचा नर ती टाकून येतो आणि परतीच्या दिवसांत, मार्च-एप्रिलच्या सुमारास, पुन्हा चढवतो. तेव्हा त्याच्या नारिंगीखाली राखाडी पट्टा असतो. दोघंही किर्रकिर्र आवाज काढतात, पण तैगाची किरकिर जलद, कोरडी, किड्यासारखी, दुसऱ्याची सावकाश. यांतली एकच खूण मिळाली तर थांबावं, दोन-तीन जुळल्या तर नाव लिहावं.

याच दिवसांत येणारा करड्या डोक्याचा पिवळा माशीमार ओळखायला सोपा. राखाडी डोकं, पिवळंधमक पोट आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारा जीव. पण तोही नावापुरताच माशीमार. स्टेनोस्टिरिडी या लहानशा कुळात त्याची जागा आहे आणि त्या कुळाला ज्याच्यावरून नाव मिळालं, तो पक्षी दक्षिण आफ्रिकेत राहतो. कुकरैलच्या एका झाडाखाली उभं राहून खरा माशीमार, आफ्रिकी गोत्राचा माशीमार आणि कावळ्यांच्या गोतातली नाचण अशी तीन घराणी एकाच ढगातले किडे टिपताना पाहता येतात.

काठ उरला तर

या सगळ्यांना लागते ती काठावरची अस्ताव्यस्त झाडी. गोमतीचा शहरातला काठ 2015 पासूनच्या नदीकाठ सुशोभीकरणात भिंती, फरशा आणि हिरवळीने बांधला गेला. कुकरैल नाल्याकाठची अकबरनगर वस्ती 2024 मध्ये हटवली गेली आणि तिथेही नदीकाठ विकसित करण्याची योजना आहे. कुकरैलच्या जंगलात रात्रीच्या सफारीचा राज्य सरकारचा प्रकल्प आहे. नदी स्वच्छ व्हावी, लोकांना फिरायला जागा मिळावी, याला कुणाचा विरोध असणार? पण झाडांखालची झुडपं ‘कचरा’ म्हणून साफ केली की किडे जातात आणि किड्यांमागून माशीमार जातात. हिरवळीवर साळुंकी राहील, शाह बुलबुल राहणार नाही. मोठी झाडं शाबूत आहेत एवढ्यावर समाधान मानणारा आराखडा या पक्ष्यांसाठी अपुरा आहे. हे लखनौला लागू आहे, तसंच मुळा-मुठेच्या आणि गोदावरीच्या काठालाही.

मराठी वाचकाला हे पक्षी पाहायला लखनौ गाठायची गरज नाही. सिंहगडाच्या पायथ्याची झाडी, कर्नाळा, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, नागझिरा इथे स्वर्गीय नर्तक भेटतो आणि हिवाळी माशीमारही उतरतात. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ रचून मराठी नावांची सोय करून ठेवली आहे. पाहिलेला पक्षी ई-बर्डसारख्या ठिकाणी नोंदवणंही आता सोपं झालं आहे. फक्त नोंद करताना नावावर थांबू नका. तारीख, जागा, पाणी किती जवळ होतं, शेपटीचं बूड कसं होतं, खालच्या चोचीचा रंग काय, आवाज जलद की सावकाश, नर पांढरा की तांबूस, हे दोन ओळींत लिहा. फोटो धूसर असला तरी जोडा. खात्री नसेल तर ‘लाल छातीचा किंवा तैगा’ असंच लिहा. त्यात कमीपणा नाही. पक्ष्यांची नावं आणि कुळं पुढेही बदलतील. तेव्हा तुमच्या त्या दोन ओळींवरूनच ठरेल की तुम्ही काय पाहिलं होतं.